चाकांचा रंग

मोटारगाडी पाहणाऱ्याची दृष्टी प्रथम तिच्या अंगावर ठरते, मग दिव्यांवर, मग समोरच्या जाळीवर. चाकांकडे ती सर्वांच्या शेवटी वळते. आणि वळली तरी काळ्या रबराच्या आत बसविलेल्या पोलादी तबकडीचा रंग कोणता होता, हे घरी गेल्यावर क्वचितच कोणाला आठवते. तथापि ज्याच्या दारात एखादी जुनी पिकअप गाडी उभी असते, त्याच्या मनात केव्हा तरी हा प्रश्न उभा राहतोच. गाडीच्या अंगाला नवा निळा किंवा हिरवा रंग चढला. मग चाके तेवढी काळी, गंजकी का राहावीत? एखाद्या सुट्टीच्या दिवशी तो चाके उतरवतो, जुना रंग खरवडतो आणि अंगाचाच रंग चाकांनाही देतो.

वरवर पाहता ही केवळ हौस आहे. परंतु चाकाला कोणता रंग असावा हा निर्णय गेल्या सव्वाशे वर्षांत कोणाकोणाच्या हाती गेला, याचा मागोवा घेतला म्हणजे या हौसेला वेगळाच अर्थ येतो. हा निर्णय कधी घोडागाडीच्या रंगाऱ्याने केला, कधी कारखान्याच्या हिशेबनिसाने केला, कधी लष्कराने, तर कधी शेतकऱ्याच्या आवडीचा अंदाज बांधणाऱ्या विक्रेत्याने. गाडीचा मालक या रांगेत सर्वांत मागे उभा होता.

कार्ल बेन्झ याने जर्मनीत १८८६ साली ज्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले, तिची चाके सायकलीसारखी तारांची होती. पण पुढच्या काळात, विशेषतः अमेरिकेत, मोटारींनी बहुधा लाकडी चाकेच पत्करली. ही चाके तोफगाड्यांवरून आली होती आणि त्यांना नावही तोफखान्याचेच होते. बैलगाडीच्या चाकात आरे लाकडी तुंब्यात ठोकून बसवितात. तोफगाडीच्या चाकात आऱ्यांची टोके पाचरीसारखी तासून एकमेकांना भिडवीत आणि दोन्ही बाजूंनी लोखंडी चकत्या लावून बोल्टांनी आवळून टाकीत. एखादा आरा मोडला तर तेवढाच बदलता येई, आणि यंत्राचा जोर सोसण्याची शक्तीही या रचनेत अधिक होती.

लाकडी चाकाबरोबर घोडागाडीच्या रंगाऱ्यांची रीतही मोटारीकडे आली. या रंगाऱ्यांच्या दृष्टीने गाडीचे दोन भाग असत. एक बसण्याचे अंग आणि दुसरा त्याखालचा चालता भाग, म्हणजे चाके, आस आणि कमानी. अंगाला गडद, भारदस्त रंग देत. खालच्या भागाला पुष्कळदा निराळा आणि अधिक उजळ रंग असे. प्रत्येक आऱ्यावर लांब केसांच्या कुंचल्याने बारीक रेघ ओढलेली असे. ही रेघ न थरथरता ओढणारा हात हीच त्या धंद्यातील प्रतिष्ठा होती. अंग आणि चाके एकाच रंगाची असावीत, असा त्या काळी कोणाचाही आग्रह नव्हता. चाकाचा रंग वेगळा असणे हे कारागिरीचे लक्षण मानले जाई.

या सौंदर्याची किंमत मात्र मोठी होती. तेलाचे आणि वार्निशाचे थर एकावर एक द्यावे लागत. प्रत्येक थर वाळू द्यावा लागे, घासावा लागे. एक गाडी रंगविण्यात कित्येक आठवडे जात. त्या रंगांत शिसे असे. रंगाऱ्यांच्या पोटात उठणाऱ्या असह्य कळांना इंग्रजीत त्यांच्या धंद्याचेच नाव पडले होते, इतके ते दुखणे सर्वांच्या परिचयाचे होते. मराठीत ज्याला शेंदूर म्हणतात तेही शिशाचेच भस्म. लोखंडाला गंज चढू नये म्हणून त्याचा थर देण्याची पद्धत जगभर रूढ होती. ज्या द्रव्याने लोखंडाचे आयुष्य वाढे, तेच लावणाऱ्याचे आयुष्य कमी करी.

या संथ आणि खर्चिक रीतीवर पहिला घाव घातला हेन्री फोर्डने. त्याची मॉडेल टी ही गाडी १९०८ साली बाजारात आली तेव्हा तिची किंमत ८५० डॉलर होती, आणि पहिल्या काही वर्षांत ती लाल, हिरवी, करडी, निळी अशा निरनिराळ्या रंगांत मिळत असे. १९१३ साली डेट्रॉइटजवळच्या हायलंड पार्क येथील कारखान्यात सरकती जोडणी सुरू झाली, आणि गाडीचा सांगाडा जोडण्यास लागणारा वेळ साडेबारा तासांवरून सुमारे दीड तासावर आला. इतक्या वेगाने जोडल्या जाणाऱ्या गाड्यांना आठवडे आठवडे वाळत ठेवणे परवडणारे नव्हते. १९१४ पासून १९२५ पर्यंत मॉडेल टी केवळ काळ्या रंगात निघाली.

काळा रंग सर्वांत लवकर वाळतो म्हणून तो निवडला, अशी समजूत प्रचलित आहे. ती अर्धीच खरी आहे. डांबरी द्रव्यापासून केलेले ते काळे रोगण स्वस्त होते, टिकाऊ होते, आणि भट्टीत भाजून कडक करता येत होते. शिवाय काळा रंग म्हणजे एकच रंग नव्हे. गाडीच्या निरनिराळ्या भागांसाठी आणि वाळविण्याच्या निरनिराळ्या पद्धतींसाठी तीसहून अधिक प्रकारची काळी रोगणे वापरली जात. चाकांची रीत तर सर्वांत मौजेची होती. चाक रंगाच्या टाकीत बुडवीत, वर उचलून भोवऱ्यासारखे गरगर फिरवीत, आणि अंगावरचा जादा रंग फेकून देत. कुंचला नाही, रेघ नाही, थरथरणारा किंवा न थरथरणारा हातही नाही. घोडागाडीच्या रंगाऱ्याने ज्या आऱ्यावर आपले कौशल्य खर्च केले असते, तो आता काही क्षणांत रंगून पुढे सरके.

याच कारखानदारीतून १५ एप्रिल १९२५ या दिवशी पिकअप जन्मास आली. त्यापूर्वी अमेरिकन शेतकरी आणि दुकानदार आपल्या दोन आसनी मॉडेल टीच्या मागचा भाग काढून तेथे घरीच केलेली लाकडी पेटी बसवीत आणि तीतून धान्य, दुधाचे डबे, हत्यारे वाहून नेत. फोर्डने ही गरज ओळखली आणि पोलादी पेटी बसविलेली तयार गाडी २८१ डॉलरला विकण्यास काढली. तिचे अंग काळे होते आणि चाकेही काळीच होती. अंगाशी चाकांचा रंग जुळलेला असावा, ही आजच्या पिकअप मालकाची इच्छा पहिल्या पिकअपमध्ये आपोआपच पूर्ण झाली होती! फक्त ती मालकाची इच्छा नव्हती; दुसरा रंगच नव्हता.

परंतु माणसाला स्वस्त वस्तू मिळाली की लवकरच त्याला आपली वस्तू शेजाऱ्याहून वेगळी असावीशी वाटते. फोर्डच्या काळ्या साम्राज्याला तडा गेला तो या इच्छेमुळे आणि रसायनशास्त्राने तिला दिलेल्या हातभारामुळे. ड्यू पाँ या कंपनीने तोफेच्या दारूशी आणि चित्रपटाच्या फितीशी नाते असलेल्या नायट्रोसेल्यूलोज या द्रव्यापासून ‘ड्यूको’ नावाचे रोगण तयार केले. ते काही तासांत वाळे आणि कोणत्याही छटेत मिळे. जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीच्या १९२४ सालच्या नमुन्यांवर ते निळ्या रंगात प्रथम झळकले. ते फवारण्याचे साधनही तयार होते. ओहायो राज्यातील टोलेडो शहरी ॲलन डी-व्हिल्बिस नावाच्या वैद्याने रोग्यांच्या घशात औषध फवारण्याचे एक उपकरण केले होते. त्याच्या मुलाने १९०७ साली त्याच तत्त्वावर रंग फवारण्याची बंदूक बनविली. आठवड्यांचे काम दिवसांवर आणि दिवसांचे तासांवर आले. १९२७ साली जनरल मोटर्सने रूप आणि रंग यांसाठी हार्ली अर्ल याच्या हाताखाली स्वतंत्र विभागच उघडला. त्याच वर्षी दीड कोटींहून अधिक गाड्या काढून मॉडेल टी बंद पडली.

रंग परतले, आणि त्याच सुमारास लाकडी चाक निरोप घेऊ लागले. इंग्लंडमध्ये जोसेफ सँकी यांच्या कारखान्याने पहिल्या महायुद्धापूर्वीच पोलादी पत्रा दाबून आणि सांधून चाके केली होती. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या बड कंपनीने पोलादी अंगांबरोबर पोलादी चाकांचाही व्यवसाय वाढविला. फोर्डने लाकडानंतर काही वर्षे तारांची चाके वापरली आणि १९३६ सालच्या गाड्यांना दाबीव पोलादी चाके बसविली. पत्र्याचे चाक स्वस्त होते, धुण्यास सोपे होते, पावसाने फुगत नव्हते आणि उन्हाने आकसत नव्हते. पण त्यात एक उणीव होती. लाकूड रंगावाचून काही काळ तग धरी. उघडे पोलाद मात्र पहिल्याच पावसाळ्यात तांबडे पडे. लाकडी चाकाला रंग हा अलंकार होता. पोलादी चाकाला तो कातडीसारखा आवश्यक झाला, आणि या फरकानेच पुढचा सारा इतिहास घडविला.

दुसऱ्या महायुद्धाने हा निर्णय लष्कराच्या हाती दिला. १९४२ च्या आरंभी अमेरिकेत शेवटच्या ज्या थोड्या नागरी मोटारी निघाल्या, त्यांच्यावरील चकचकीत क्रोमच्या जागी रंग फासण्याचा हुकूम झाला होता, कारण ते धातू युद्धसामग्रीसाठी हवे होते. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत नागरी मोटारींचे उत्पादनच थांबले. जपानने मलाया घेतल्यामुळे रबराची टंचाई झाली. या काळात सहा लाखांहून अधिक जीपगाड्या निघाल्या, आणि त्या नखशिखांत एकाच मळकट हिरव्या रंगाच्या होत्या. अंग, चाके, दिव्यांच्या कडा, साऱ्यांवर तोच निस्तेज थर असे. त्यात चमक नसावी हाच मुख्य उद्देश होता. चाक चमकले तर ते आकाशातील शत्रूला दिसेल. अंगाशी जुळणारे चाक ही येथे प्राण वाचविण्याची युक्ती होती.

युद्ध संपल्यावर जे घडले ते फार बोलके आहे. विलीज-ओव्हरलँड या टोलेडोच्याच कंपनीने १९४५ साली शेतकऱ्यांसाठी नागरी जीप काढली. यंत्र तेच, बांधा तोच. मग ही गाडी लष्करातील नव्हे हे गिऱ्हाइकाला कसे पटावे? कंपनीने त्याचे उत्तर चाकांवर लिहिले. एका जीपचे अंग कुरणासारखे हिरवे आणि चाके पिवळी होती. दुसरीचे अंग कापणीला आलेल्या पिकासारखे पिंगट आणि चाके सूर्यास्ताच्या लाल रंगाची होती. हिरव्या अंगाची आणि पिवळ्या चाकांची जॉन डिअर कंपनीची शेतीची यंत्रे अमेरिकन शेतकऱ्याच्या नित्य पाहण्यातली होती. चाकांचा रंग बदलताच युद्धावरून परतलेले वाहन शेतात शोभू लागले.

महाराष्ट्राचा या कथेशी संबंध येतो तो याच ठिकाणी. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता, आणि १९५४ साली तो बंद होईपर्यंत तेथून गाड्या आणि मालमोटारी बाहेर पडत होत्या. १९४७ साली महिंद्र कंपनीने मुंबईत विलीजच्या जीपगाड्यांची जोडणी सुरू केली. युद्धानंतर लिलावात निघालेल्या लष्करी जीप आणि ट्रकही या देशात नागरिकांच्या हाती आले, आणि लष्करी हिरवा रंग पुसून नवा रंग देणे हे गॅरेजमधल्या रंगाऱ्यांचे नेहमीचे काम झाले. १९५८ साली फिरोदियांच्या कंपनीची तीनचाकी टेंपो गाडी आली, आणि त्यानंतर मराठी माणसाच्या बोलण्यात भाजी, विटा किंवा घरसामान वाहणारी कोणतीही छोटी मालगाडी ‘टेंपो’ याच नावाने ओळखली जाऊ लागली.

अमेरिकेत मात्र पिकअप हळूहळू शेतातून घराच्या अंगणात येत होती. १९५५ साली शेव्हरोले कंपनीने ‘कॅमिओ कॅरिअर’ ही पिकअप काढली. ती कामाची गाडी असूनही मोटारीइतकी देखणी असावी, असा तिचा हेतू होता. पेटीच्या दोन्ही बाजूंना तंतुकाचेचे गुळगुळीत आवरण होते. तिच्या मुख्य फिकट रंगाला कंपनीने दिलेले नाव होते ‘बाँबे आयव्हरी’, आणि त्याला लाल रंगाची जोड होती. मुंबईच्या नावाचा हा हस्तिदंती रंग मुंबईपासून हजारो मैल दूर असलेल्या गावांत मिरवला. तिची चाके मात्र चकचकीत धातूच्या आवरणाखाली झाकलेली होती. त्या पिढीला रंगीत चाक म्हणजे गरिबी वाटू लागली होती. श्रीमंताच्या चाकावर मोठे चकचकीत झाकण. पोलिसांच्या, टपालाच्या आणि शेतकऱ्याच्या गाडीला रंगविलेली पोलादी तबकडी आणि मध्ये एक लहानशी टोपी.

याच सुमारास रंग देण्याची रीतही पुन्हा पालटली. फोर्ड कंपनीत जॉर्ज ब्रुअर या संशोधकाच्या प्रयत्नांतून विजेच्या साहाय्याने रंग चढविण्याची पद्धत सिद्ध झाली. पोलादी वस्तू पाण्यात कालविलेल्या रंगाच्या कुंडात बुडवायची आणि विजेचा प्रवाह सोडायचा. रंगाचे कण आपण होऊन धातूकडे ओढले जातात, जेथे कुंचला आणि फवारा पोहोचत नाही त्या सांदीतही शिरतात, आणि सर्वत्र सारख्या जाडीचा पातळ थर बसवितात. नंतर तो भट्टीत भाजायचा. १९६१ साली या पद्धतीचा पहिला कारखानी उपयोग झाला तो मोटारीच्या चाकांवर. मोटारींची अंगे त्यानंतर, १९६३ साली, या कुंडात उतरली. नेहमी शेवटी आठवण होणारा भाग या वेळी सर्वांच्या पुढे होता.

या सोयीचा परिणाम रंगांवर झाला. एका कुंडात एकच रंग असतो. अंगाचे रंग दहा असले तरी चाके एकाच काळ्या किंवा करड्या कुंडातून काढणे सोपे आणि स्वस्त. ज्याला अधिक शोभा हवी त्याने झाकण घ्यावे किंवा ॲल्युमिनियमची चाके विकत घ्यावीत. स्वस्त पिकअपची पोलादी चाके म्हणूनच बहुधा काळी किंवा करडी राहिली. मॉडेल टीच्या काळात जो हिशेब संपूर्ण गाडीला लागू होता, तो आता केवळ चाकांपुरता उरला. अंगाचा रंग गिऱ्हाइकाने निवडावा आणि चाकांचा कारखान्याने, अशी ही वाटणी झाली.

सुट्टीच्या दिवशी चाके उतरवून बसलेला पिकअपचा मालक ही वाटणी अमान्य करीत असतो. महागडी चाके घेण्याचे त्याला सामर्थ्य नसते किंवा इच्छा नसते. पण आपली गाडी एकजीव दिसावी असे त्याला वाटते. त्याची ही इच्छा योग्यच आहे. मात्र कारखान्याच्या पातळ, सारख्या थराच्या जागी तो आपल्या हाताने थर चढवीत असतो, आणि येथे इतिहास त्याला दोन-तीन इशारे देतो.

पहिला इशारा चाकाच्या बैठकीचा. चाक गाडीला धरून राहते ते नट-बोल्टांच्या ताणामुळे; तो ताण चाकाला हबवर घट्ट दाबून धरतो. नट जेथे टेकतात त्या खळग्यांत आणि हबला चिकटणाऱ्या मागच्या पृष्ठावर रंगाचे जाड थर दिले, तर भाराखाली तो रंग चेपतो, झिजतो, आणि चेपलेल्या रंगाइतका ताण कमी होतो. नट सैल पडतात, आणि भरधाव गाडीचे चाक निखळू शकते. म्हणून या जागा कागदी पट्टीने झाकून ठेवतात किंवा तेथे अगदी पातळ थरच देतात. आणि चाके बसविल्यावर थोडे अंतर गाडी चालवून नट पुन्हा ठरलेल्या जोराने आवळतात. दुसरा इशारा आगीचा. टायर चढविलेले असताना चाकावरचा रंग ज्योतीने जाळू नये, की चाकाला वेल्डिंग करू नये. आतली हवा आणि रबर तापून टायर तोफेसारखा फुटतो आणि जवळच्या माणसाचा जीव घेतो. तिसरा इशारा जुन्या रंगाऱ्यांच्या दुखण्याचा. जुन्या चाकावरील थरात शिसे असू शकते. ते कोरडे घासून त्याची धूळ श्वासात घेण्याऐवजी पाण्याने भिजवून घासणे शहाणपणाचे. आणि कडक होणारे द्रव्य मिसळून फवारले जाणारे आजचे दुहेरी रंग फुप्फुसांना इतके घातक असतात की, स्वच्छ हवा पुरविणाऱ्या मुखवट्यावाचून ते वापरू नयेत.

एवढी काळजी घेतली म्हणजे बाकीचे काम जुनेच आहे. टायर उतरवावा, तेलकटपणा धुवावा, गंज मुळापर्यंत काढावा, अस्तर द्यावे, आणि घाई न करता रंगाचे पातळ थर चढवावेत. खड्ड्यांत लांबी भरून चाक गुळगुळीत दाखविण्याचा मोह मात्र टाळावा. चाकात गंजाने खोल खड्डे पडले असतील तर ते चाक रंगविण्याच्या लायकीचे उरलेले नसते.

हीच गोष्ट या साऱ्या खटाटोपात सर्वांत मोलाची आहे. पोलादी चाकाला तडा जातो तो बहुधा बोल्टांच्या भोकांपाशी. तेथील भोके झिजून लांबट होतात. कडेशी गंज पत्रा खातो. चिखलाच्या आणि जुन्या रंगाच्या थराखाली हे दोष वर्षानुवर्षे दडून राहतात, आणि गाडी भाजीचे, सिमेंटचे किंवा माणसांचे ओझे घेऊन घाट चढत-उतरत राहते. चाके उतरवून, घासून, उजेडात धरून पाहण्याचा प्रसंग दुसऱ्या कोणत्या निमित्ताने येणार? घोडागाडीचा रंगारी प्रत्येक आऱ्यावरून हात फिरवीत असे, तेव्हा सैल आरा त्याच्या हाताला लागल्यावाचून राहत नसे. रंगाच्या कुंडाने तो हात काढून घेतला. अंगाशी जुळणारा रंग चाकाला देऊ पाहणारा मालक तो हात पुन्हा चाकावर ठेवतो. आणि घासता घासता एखाद्या भोकाशी केसासारखी बारीक रेघ दिसली, तर रंगाचा डबा बाजूला ठेवून तो ते चाक मोडीत काढतो.